केदारकंठा, सॅक आणि बंद लिफ्ट

निकम वहिनी (बी ६०४): नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, आधीच माफी मागते. मी आणि सई डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला चाललोय. जाताना नाशिकरोडहून रेल्वेने, येताना विमानाने. सॅक घ्यायची आहे. यांची जुनी ७० लिटरची माळ्यावर पडलीय, पण रिकामी उचलली तरी खांदा दुखतो. ट्रेकलाही चालेल आणि एरवी फिरायलाही, अशी हलकी कुठली घ्यावी?

अथर्व (ए २०१): काकू ७०चीच न्या ना. घरात आहे तर खर्च कशाला? कमी पडण्यापेक्षा जास्त बरी.

देवरे काका (ए ५०३): अथर्व, तू ७० लिटर घेऊन डोंगर चढलायस का कधी?

अथर्व: मनालीला नेली होती.

देवरे काका: हॉटेलच्या रूमपर्यंत. तेही बेलबॉयने.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी. बी विंगची लिफ्ट सोमवार ते बुधवार दुरुस्तीसाठी बंद राहील.

देवरे काका: वहिनी, आधी एक सांगा. तंबू, स्लीपिंग बॅग, जेवण ट्रेकवाले देणार का तुम्ही नेणार?

निकम वहिनी: सगळं ते देणार. आपण फक्त कपडे, पाणी, औषधं आणि खाऊ.

देवरे काका: मग ७०चा विषयच संपला. ४५ ते ५० लिटर भरपूर झालं. जागा दिसली की आपण भरतो, आपली सवयच ती. कपाट मोठं घेतलं म्हणून घरातला पसारा कमी झालाय का कुणाचा?

पण लिटरचा विचार नंतर. पहिलं काम म्हणजे न्यायचं सगळं सामान पलंगावर मांडा आणि वजन करा. सामानाचा काटा माझ्याकडे आहे, सईला पाठवा. पाठीवरचं एकूण ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहिलं पाहिजे, २० टक्के. त्यात सॅकचं स्वतःचं वजन आणि पाणीही धरायचं. पाणी लोक हमखास विसरतात. २ लिटर म्हणजे २ किलो, त्यात काही सूट नाही.

निकम वहिनी: केलं वजन. जुनी सॅक रिकामी २ किलो ६००. कपडे ४ किलो २००. पाणी २ किलो. खाऊ १ किलो ९००. औषधं, टॉर्च, बाकीचं १ किलो १००. एकूण ११ किलो ८००. आणि मी ५६ किलो.

देवरे काका: म्हणजे मर्यादा ११ किलो २००. घरातून निघायच्या आतच ओलांडलीत. खाऊ एवढा कसला?

सई (बी ६०४): काका, चिवडा. दोन पाकिटं. शिवाय मनुका आणि शेंगदाण्याची चिक्की.

देवरे काका: मनुका, चिक्की ठेवा, मूठभर खाल्ली तरी अंगात जोर येतो. चिवडा नाशिकला परत आल्यावर खा. सुती टी-शर्ट आणि जीन्सही काढा. जीन्स बर्फात भिजली की वाळत नाही, वर जड होते ते वेगळंच. जाड जॅकेट आणि बुटाखालचे स्पाइक सांक्रीत, ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्याने मिळतात, इथून ओढत नेऊ नका.

निकम वहिनी: आणि सॅक खेचरावर द्यायची सोय असते म्हणे? मग वजनाची एवढी काळजी कशाला?

देवरे काका: असते, पैसे वेगळे द्यावे लागतात. पण पाणी, जॅकेट, औषधं पाठीवर लागतातच, म्हणजे वर आणखी एक छोटी सॅक आली. माझं मत विचाराल तर ८ किलोच्या आत आणा आणि स्वतः उचला.

आहेर ताई (ए ३०४): मी फिजिओ म्हणून मधे बोलते. लिटर सगळे विचारतात, पाठ कुणी मोजत नाही. सॅकचं माप उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान पुढे झुकवली की मागे जे टोकदार हाड हाताला लागतं तिथे टेपचं एक टोक धरा. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. बाजूला जी हाडाची कड लागते त्या उंचीवर दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ समजा. तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची पाठ. शिवणकामाची टेप चालते.

सई: मजाच झाली. मी ५ फूट ६ इंच, पाठ ४२ सेंटिमीटर. आई ५ फूट २ इंच, पाठ ४४!

आहेर ताई: अगं, तुझे पाय लांब आहेत. म्हणूनच एकीला बसली म्हणून दुसरीला तीच सॅक घेऊ नका. आणि कमरेचा पट्टा पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर आला पाहिजे. वजन खुब्यांनी घ्यायचं, खांद्यांनी नुसता तोल सांभाळायचा. पट्टा बरोबर बसला असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. घालताना सगळे पट्टे सैल करा, आधी कमरेचा आवळा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. आपल्याकडे नेमकं उलटं करतात आणि संध्याकाळी मान धरून बसतात.

कुलकर्णी आजोबा (ए १०२): आम्ही कळसूबाईला कापडी पिशवी खांद्याला अडकवून गेलो होतो. १६४६ मीटर. शिड्या चढताना पिशवी दातात धरली होती.

देवरे काका: आजोबा, तेव्हा दात होते.

कुलकर्णी आजोबा: अजूनही १४ आहेत.

पगार दादा (बी ३०१): माझी एक चूक सांगतो. हरिहर गडाच्या पायऱ्या माहीत आहेत ना, खडकात कोरलेल्या, उभ्या, हात घालायला खोबण्या आहेत त्या. माझी सॅक रुंद होती आणि बाजूच्या जाळीत लिटरची स्टीलची बाटली. खडकाला अंग चिकटवून वर सरकताना जाळी घासली, बाटली निसटली आणि ठणठण करत खाली. खालच्या मुलाच्या कानाशेजारून गेली. तो मुलगा वर बघून नुसता हसला, माझेच पाय लटपटत होते. तेव्हापासून अंगाबाहेर न येणारी, अरुंद आणि उंच सॅक वापरतो. बाटलीची जाळी खोल हवी, वर आवळायचा पट्टाही हवा.

निकम वहिनी: बापरे. आणि जुनी सॅक द्यायची म्हणून उघडली, तर आतून पांढरी पापुद्रं सुटलीत आणि हाताला चिकट लागतंय. कोंड्यासारखं सगळ्या कपड्यांवर पडलं.

देवरे काका: आतला पाणी अडवणारा थर गेला तिचा. दमट हवेत वर्षानुवर्षं बांधून ठेवली की असंच होतं. ट्रेकहून आल्यावर पूर्ण वाळवून, चेन उघडी ठेवून टांगायची. आणि पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका. ते बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच, शिवाय वाऱ्यात पतंगासारखं उडतं. आत कचऱ्याची मोठी जाड पिशवी घालून तोंड पिळून बांधा, कपडे कोरडे राहतात.

अथर्व: काका, ८०० ग्रॅमच्या अल्ट्रालाइट सॅक येतात आता. तीच घ्या ना काकू.

देवरे काका: हे बरं बोललास, पण अर्धंच. त्यातल्या बऱ्याच सॅकना पाठीत पट्टी किंवा फ्रेम नसते. वजन कमी असतं ते त्यामुळेच. ओझं थोडं असेल आणि भरण्याची शिस्त असेल तर उत्तम. नाही तर ८-९ किलो घातल्यावर पिंपासारखी गोल होते आणि डब्याचा कोपरा दिवसभर पाठीत टोचतो. वहिनींना फ्रेमवाली, रिकामी दीड किलोच्या आतली बघावी असं माझं मत. दुकानात खांद्याचा पट्टा जिथे जोडलाय तिथली शिलाई बघा, आडवी दाट मारलेली हवी. माझ्या एका सॅकचा पट्टा धोडपच्या पायथ्याशी तिथूनच उसवला. सुतळीने बांधून गड केला आणि दोन दिवस खांद्यावर वळ.

आणि दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका. घरून ५ किलो तांदूळ घेऊन जा.

निकम वहिनी: दुकानात तांदूळ घेऊन?

देवरे काका: हो. लाजायचं काय त्यात?

निकम वहिनी: (मंगळवारी) तर मंडळी, तांदूळ घेऊन गेले. सेल्समन दोन मिनिटं माझ्याकडे नुसता बघत होता. ३८ लिटरची ८५० ग्रॅमची रिकामी इतकी छान वाटत होती! तांदूळ आणि पाणी घातलं आणि काका म्हणाले तसंच, पिंप. मग ४८ लिटरची फ्रेमवाली घेतली, १ किलो ३००. वरून तोंड उघडतं, खालीही एक चेन आहे, म्हणजे प्रवासात तळातला कपडा काढायला सगळं उपसायला नको. पूर्ण सुटकेससारखी उघडणारीही होती, पण तिची चेन बर्फात बिघडली तर काय, म्हणून सोडली.

आज लिफ्ट बंद म्हणून तीच भरून सहा मजले तीनदा चढले. दुसऱ्या फेरीत पट्टा खाली घसरला. आहेर ताईंनी जिन्यातच थांबवून खुब्यावर बसवून दिला. तिसरी फेरी खांद्यांना कळलीच नाही. गुडघ्यांना कळली.

नवं वजन: सॅक १ किलो ३००, कपडे ३ किलो १००, पाणी २ किलो, खाऊ ८०० ग्रॅम, बाकी ९०० ग्रॅम. एकूण ८ किलो १००. येताना पाणी रिकामं केलं की विमानातल्या हँडबॅगच्या ७ किलोतही बसते.

देवरे काका: वजनात बसेल, उंचीत नाही. हँडबॅगला साधारण ५५ सेंटिमीटरचं माप असतं, तुमची सॅक त्याहून लांब असणार. चेक-इनला टाका. पट्टे लोंबकळत ठेवू नका, सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतात. सगळे आवळून, वरून मोठ्या पिशवीत गुंडाळून द्या.

सेक्रेटरी: बी विंगच्या चौथ्या मजल्यावर तांदूळ सांडले आहेत. संबंधितांनी झाडून घ्यावेत.

निकम वहिनी: आलेच.

सई: देवरे काका, एक विचारायचं होतं. माझी सॅक काल भरून ७ किलो ८०० होती. आज काट्यावर ८ किलो ९०० दाखवतेय. मी काही वाढवलं नाही.

देवरे काका: तळाशी हात घालून बघ.

सई: आई!! चिवडा माझ्या स्लीपरमागे दडवलाय!

निकम वहिनी: तू ६१ किलोची आहेस. २० टक्के काढ बघू.