प्रति: देणग्या मागणारे एकटे पडतात तेव्हा
ताई, तुम्ही विचारलंत की छोट्या संस्थेत देणग्या गोळा करणारं माणूस एकटंच असतं, त्याने मन मोकळं करायचं कुणाकडे, तर आमचं इंदूरचं सांगतो. वेगवेगळ्या संस्थांमधले आम्ही चौघं महिन्यातून एकदा सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी खात बसतो, बस्स. अजेंडा नाही (एकदा काढला होता, त्या दिवशी कुणी तोंडच उघडलं नाही). पहिले दोन महिने जो तो आपले देणगीदार झाकून बसलेला, न जाणो समोरचा आपला शेठ पळवायचा. मग ठरवलं, देणगीदाराचं नाव काढायचं नाही, बाकी सगळं बोलायचं, आणि तिथून गाडी सुटली. मला तर तिथेच कळलं की २००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट मिळत नाही, आणि मी आपला गणपतीत पाच-पाच हजार कॅश खुशाल घेत होतो! कंपनीकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी जायच्या आधी सरकारकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणीचा नंबर घ्यावा लागतो, हेही तिथलंच ज्ञान. पण खरा फायदा वेगळाच, सलग सहा नकार आले की घरचे म्हणतात सोडून दे, कमिटी म्हणते मागायला काय लागतं, आणि हे तिघं म्हणतात माझे नऊ झाले, जिलेबी घे. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र लगेच काढू नका, गुड मॉर्निंगमध्येच बुडतो. आधी एकच जण शोधा, शक्यतो तुमच्यापेक्षा वेगळं काम करणाऱ्या संस्थेतला, म्हणजे देणगीदारांवरून ओढाताण कमी.