डीअँडडी खेळणाऱ्या सोलापूरच्या बायकांनो, अनुभव लिहा

शेंगाचटणी

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच्या जातकुळीतले टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या, खेळवणाऱ्या आणि वैतागून सोडून दिलेल्या सोलापूरच्या मुली-बायकांसाठी हा धागा. नोकरीपायी पुण्याला गेलेल्याही चालतील.

हे काय प्रकरण आहे ते माहीत नसलेल्यांसाठी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. बाकीच्यांचं प्रत्येकी एक कॅरेक्टर. डीएम प्रसंग उभा करतो, आपण काय करतो ते सांगायचं, आणि जिथे शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कोणी जिंकत नाही. कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, महिनोन्महिने चालतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला तेव्हा लढवय्यांच्या वर्गाचं नावच 'फायटिंग-मेन' होतं. १९७८ च्या नियमपुस्तकात माणूस जातीच्या लढवय्या बाईची ताकद १८/५० ला अडवलेली आणि पुरुषाला १८/०० पर्यंत मोकळीक (अठराच्या पुढे शंभरापर्यंत टप्पे, दोन शून्यं म्हणजे शंभर). ड्रॅगन चालतो, उडतं भूत चालतं, पण बाई फार ताकदवान झाली तर खेळ खोटा वाटेल, असं काहीतरी असावं! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट गेली. नियमातून जाऊन पस्तीस वर्षं उलटली. टेबलावरून किती गेली ते तुम्ही सांगा.

चर्चा नको, घडलेलं लिहा. कोणाचं नाव घेऊ नका. गाव लहान आहे, निम्म्यांना नाव न घेताही कळेल.

कडकभाकरी

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हाचं सांगते. मुलांचा ग्रुप जुळे सोलापुरात भाड्याच्या खोलीवर खेळायचा, रात्री नऊला सुरू. मी विचारलं, मला घ्याल का? "ये की, आम्ही कुठं नको म्हटलंय?" खरंच, नको कोणीच म्हटलं नव्हतं. फक्त नऊ वाजता आमच्या हॉस्टेलचं गेट बंद व्हायचं आणि घरमालकाने मुली आणायच्या नाहीत असं बजावलेलं. तरी वर्षभर ही मुलं मनापासून समजत होती की मुलींना या खेळात इंटरेस्ट नसतो.

शेवटी एकाच्या आईने रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बसा म्हणून सांगितलं. मे महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, कूलरच्या आवाजात डीएमचं निम्मं ऐकू यायचं नाही. पण त्या दुपारी आम्ही तीन मुली होतो. आधी एक नाही आणि वेळ बदलल्यावर तीन. ज्यांना 'बायका का येत नाहीत' यावर व्हिडिओ करायचेत त्यांनी आधी सेशन किती वाजता असतं ते सांगावं.

विसाचा_फासा

आम्ही तेलुगू, पद्मशाली. राहायला कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. आजीने आयुष्यभर विड्या वळल्या, आता बोटं वळत नाहीत.

आमच्याकडे अडचण मुलांची नव्हती, फाशांची होती. माझी डाइसची पिशवी आजीला सापडली आणि घरात महाभारत. फासे म्हणजे जुगार, जुगार म्हणजे द्रौपदी. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, सगळे मांडून दाखवले. तिचं म्हणणं, सहा बाजूंच्या फाशात एवढं राज्य गेलं, वीस बाजूंच्या फाशात काय जाईल!

लॉकडाऊनमध्ये मी फोनवर खेळायची. घर दोन खोल्यांचं, तिला सगळं ऐकू जायचं. मी मराठीत बोलणार, नियम इंग्रजीत, आमचा एक गडी बुटक्याचे डायलॉग दखनीत मारणार. महिनाभराने भाकरी थापता थापता तिने तेलुगूत विचारलं, "तुझी ती चोरणी भिंतीवरून उतरली का?" उतरली नव्हती. नॅचरल वन पडला होता, म्हणजे फाशावर सरळ एक.

मग प्रश्नच प्रश्न. चोरणीला मजुरी कोण देतं? आगाऊ की काम झाल्यावर? गोब्लिन दिवसभर गुहेत काय करतात, त्यांना खायला कोण घालतं? मी स्वतः डीएम झाले तेव्हा तिच्याकडूनच व्हिलन घेतला. विड्या हजाराच्या हिशोबाने मोजतात. ठेकेदार त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे देत नाही, पण विड्या ठेवून घेतो. माझ्या कॅम्पेनमधला व्यापारी जादूच्या औषधांच्या बाटल्या अशाच 'खराब' काढतो आणि मागच्या दाराने विकतो. कॉलेजच्या मुलांना दोन सेशन कळलंच नाही की हा चोर आहे. आजीला पहिल्या वाक्यात कळलं.

काटेसावर

माझं सगळं ऑनलाइन. सोलापुरात ग्रुप मिळेना म्हणून डिस्कॉर्डवर अनोळखी लोकांत शिरले. माझी पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धी. चिलखत, ढाल, देवाची शपथ, सगळं साग्रसंगीत. पहिल्या गावात सरायवाल्याने डोळा मारला. दुसऱ्या गावात पहारेकऱ्याने. राजपुत्राने थेट मागणी घातली. बाकीच्यांना तलवारी मिळाल्या, नकाशे मिळाले, मला स्थळं. इथे माझी आई तेच करत असताना मी तिथे कशाला जाऊ?

हसण्यावारी नेलं. मग एका रात्री डीएमने माझ्या कॅरेक्टरला शत्रूच्या हाती दिलं आणि पुढचं वर्णन सुरू केलं. बाकी कोणी काही बोललं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा त्या सर्व्हरवर गेले नाही.

नवीन मुलींनी हे लक्षात ठेवा. खेळ सुरू व्हायच्या आधी 'सेशन झिरो' मागा. टेबलावर काय अजिबात येणार नाही आणि काय पडद्याआड उरकायचं, ते तिथेच बोलून घ्यायचं. आणि एक्स-कार्ड ठेवा. फुली काढलेला कागद टेबलाच्या मधोमध, कोणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ऑनलाइन असाल तर चॅटमध्ये फुली टाकायची. जॉन स्टॅव्हरोपोलस या माणसाने ही युक्ती मांडली. आत्ताच्या ग्रुपमध्ये ते कार्ड सगळ्यात जास्त एक मुलगाच वापरतो, त्याला कोळी चालत नाहीत. "एवढं काय मनाला लावून घेतेस, खेळच आहे" म्हणणारा डीएम भेटला तर त्याच मिनिटाला उठा.

जुनी_गिरणी

मी पुरुष आहे, लिहू का? डीएम म्हणून पाहिलेली एक गोष्ट सांगायची होती.

आमच्यात एक मुलगी आली. लढाई सुरू झाली की जबरदस्त खेळायची. लढाई संपून गावात गप्पा सुरू झाल्या की गप्प. पोरं म्हणाली, तिला मारामारीच आवडते बे. मला पटेना. मग लक्षात आलं, लढाईत इनिशिएटिव्ह असतो, पाळी ठरलेली असते. तिच्या पाळीला दुसरा कोणी बोलूच शकत नाही. गप्पांत ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी. ती काही सुचवायची ते हवेत जायचं, दोन मिनिटांनी तेच दुसरा बोलला की सगळे "भारी!"

मी गप्पांनाही पाळी लावली. गोल फिरायचं, प्रत्येकाने आपलं कॅरेक्टर काय करतंय ते सांगायचं. ती बोलायला लागली. आणखी एक मुखदुर्बळ मुलगा होता, तोही लागला.

शेंगाचटणी

@जुनी_गिरणी, लिहा की. हे आमच्या ऑफिसच्या मीटिंगला पण लावायला पाहिजे.

मधलीसुट्टी

मी शिक्षिका, वय चाळीसच्या पुढे. लेकाने नेटवरून फुकटातले नियम उतरवून घेतले होते. (ज्यांना पुस्तकं महाग वाटतात त्यांच्यासाठी: मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, हक्काने वापरा.) त्याच्या मित्रांना डीएम मिळेना म्हणून मी बसले. पोरं दहावीला गेली आणि मी मोकळी. मग भिशीतल्या बायकांना गळ घातली. चिठ्ठी निघाली, पोहे झाले, आता बसायचं.

बायका म्हणजे गोडीगुलाबीने बोलून प्रश्न सोडवतील असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना भेटावं. बँकेतून निवृत्त, रोज सिद्धेश्वराला जाणाऱ्या. पहिल्याच सेशनला सरायवाला उद्धट बोलला म्हणून त्यांनी सराय पेटवली. "माझ्या कॅरेक्टरला राग आला," एवढंच स्पष्टीकरण. नोकरीत असताना किती गिळलं असेल बाईंनी, असं मला वाटून गेलं.

गुहा-बिहा मी ठेवत नाही. आमचा भुईकोट घेते. खंदक, बुरूज, शेजारी तलाव, सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेलं. पूर्वेच्या बुरुजावरून पाणी दिसतं का यावर अर्धा तास वाद होतो, ड्रॅगन बिचारा थांबलेला.

आमचं कॅम्पेन कोणामुळे अडतं? नवऱ्यांमुळे नाही. पाण्यामुळे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड, त्यात वेळ ऐन वेळी बदलते. ग्रुपवर "पाणी आलं" असा मेसेज पडला की मांत्रिक, लढवय्या, चोरणी सगळ्या पिंपं भरायला पळतात. घरातला पुरुष का भरत नाही हा प्रश्न मी एकदा टाकला. सगळ्या हसल्या.

गेंड्याचीकातडी

माझं कॅरेक्टर साठीतला दाढीवाला बुटका, म्हणजे ड्वार्फ. दर नवीन ग्रुपमध्ये विचारतात, पुरुष का घेतलास? शेजारचा मुलगा सुंदर एल्फिण घेऊन बसलेला असतो, त्याला कोणी विचारत नाही. मला दाढी आवडते. संपलं.

हुतात्माने_पुणे

मी आता पुण्यात खेळते, फक्त बायकांच्या टेबलावर. वरचं सगळं वाचून तर जास्तच पटलं. सेशन झिरो, कार्ड, पाळी, एवढी तयारी करून पुरुषांबरोबर का बसायचं?

आणि हा खेळ मुळात त्यांचा होता, आपण मागून आलो, हेही खरं नाही. ली गोल्ड १९७५ पासून खेळाडूंच्या लेखांचं नियतकालिक काढत होत्या, तेव्हा खेळ जेमतेम एक वर्षाचा होता. डीअँडडी काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या डिझाइन विभागात १९७९ ला जीन वेल्स लागल्या, तिथल्या पहिल्या महिला डिझायनर. त्यांचं १९८१ चं मॉड्यूल, म्हणजे खेळायला तयार साहस, छापून आल्याआल्या कंपनीने परत घेतलं आणि दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेऊन काढलं. मी लिहिलेलं साहस माझ्या एका सहकारी डीएमने "जरा नीट करून" स्वतःच्या नावाने खेळवलं, तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती.

विसाचा_फासा

@हुतात्माने_पुणे, पुण्यात निवड करता येते. इथे टेबलावर पाचवा माणूस मिळायची मारामार. मुलांना वगळलं तर माझं कॅम्पेन दोघींचं होईल. आणि त्यातल्या एका मुलानेच माझ्यासाठी नियमांचं तेलुगू भाषांतर करून आणलं, आजीला वाचून दाखवायला. त्याला कुठल्या तोंडाने जा म्हणू?

हुतात्माने_पुणे

त्याला ठेव. बाकीच्यांचं बघू.

कडकभाकरी

मी दिवाळीत गावी आहे. एक सेशन फक्त बायकांचं, एक सगळ्यांचं, दोन्ही करून बघूया का? वेळ दुपारची. जागेचं तेवढं कोणीतरी बोला, माझ्या घरी पाहुणे आहेत.

मधलीसुट्टी

आमच्या सोसायटीची गच्ची मिळेल, चारनंतर सावली असते. काकूंनी आधीच विचारलंय, सराय असेल ना?