सममित फरकाचे साहचर्य दर्शक फलाने कसे सिद्ध होते?

प्रश्न

सममित फरक अ△ब म्हणजे अ आणि ब यांपैकी नेमक्या एकाच संचात असलेल्या घटकांचा संच. (अ△ब)△क आणि अ△(ब△क) हे संच समान आहेत, म्हणजेच या क्रियेला साहचर्य आहे, हे मी घटक प्रत्येक संचात आहे की नाही याची आठ ओळींची सारणी मांडून पडताळले. प्रत्येक ओळ जुळली, परंतु ती का जुळते हे उमगले नाही. आमच्या सरांनी दर्शक फल वापरून पाहण्यास सांगितले. संच अ चे दर्शक फल द(अ) हे अ मधील घटकांसाठी १ आणि इतरांसाठी ० ही किंमत घेते, एवढे मला कळते. मात्र संचांविषयीचे विधान संख्यांच्या आकडेमोडीने सिद्ध झाले, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

प्रतिसाद १

ज्या घटकांसाठी किंमत १ येते, नेमक्या त्यांचाच तो संच असतो. म्हणून दोन संचांची दर्शक फले समान असली की ते संचही समान असतात. छेदसंचाचे दर्शक फल म्हणजे द(अ)×द(ब), तर पूरक संचाचे १−द(अ). सममित फरकातील घटक दोहोंपैकी एकाच संचात असतो, त्यामुळे द(अ△ब) म्हणजे द(अ)+द(ब) या बेरजेला २ ने भागल्यावर उरणारी बाकी. आता कंस कोठेही घातला तरी शेवटी द(अ)+द(ब)+द(क) ला २ ने भागून उरणारी बाकीच हाती येते, कारण संख्यांच्या बेरजेला साहचर्य असते. म्हणजेच तीनपैकी विषम संख्येच्या संचांत असलेले घटकच उत्तरात येतात. सारणीत ही गोष्ट असते, पण ती दिसत नाही.

प्रतिसाद २

मला या फलाचा मोजणीतील उपयोग अधिक मोलाचा वाटतो. संच सांत असेल, तर सर्व घटकांवरील किमतींची बेरीज म्हणजेच त्याची घटकसंख्या. १ ते १००० मधील २, ३ आणि ५ यांपैकी कशानेही भाग न जाणाऱ्या संख्या हव्या असतील, तर त्या त्या पटींच्या संचांसाठी (१−द(अ))(१−द(ब))(१−द(क)) हा गुणाकार विस्तारून प्रत्येक पदाची बेरीज घ्यावी: १०००−५००−३३३−२००+१६६+१००+६६−३३, म्हणजे २६६. समावेश-वर्जनाचे सूत्र, म्हणजे छेदसंचांच्या घटकसंख्या आलटून पालटून मिळवत-वजा करत मोजण्याचे सूत्र, पाठ करण्याची गरजच उरत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चार संचांसाठी सारणीला सोळा ओळी लागल्या असत्या. येथे बेरजेत केवळ एक पद वाढते. शिवाय अ△ब=क असेल तर ब=अ△क हेही लगेच मिळाले, कारण द(अ) दोनदा मिळवल्याने बाकी बदलत नाही.