प्लॅन्ड सिझरच्या आधी खरंच निर्जळी करावी लागते का?

कांदेपोहे_प्रेमी
माझं दुसरं सिझर पुढच्या गुरुवारी ठरलंय, बाळ अजून पायाळूच आहे आणि पहिलंही सिझरच, त्यामुळे डॉक्टर म्हणाल्या वाट बघण्यात अर्थ नाही. ऑपरेशनची भीती नाही वाटत, उपाशी राहायचीच वाटतेय. मागच्या वेळी रात्री नऊला वरणभात खाल्ला, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही असं सिस्टरनी बजावलेलं, आणि मध्येच एक इमर्जन्सी आली म्हणून माझा नंबर लागला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला! ओठ चिकटलेले, डोकं ठणकतंय, आई ओल्या कापसाने ओठ पुसत बसलेली. आता नणंद युकेत असते ती म्हणते तिला सिझरच्या दिवशी सकाळी कसलंतरी कार्बोहायड्रेटवालं पाणी प्यायला दिलं होतं. आपल्याकडे असं चालतं का? ग्लुकॉन-डी घोळून प्यायलं तर?

सांगलीकरीण
स्वतःच्या मनाने काहीही पिऊ नकोस बाई. आमच्या धाकट्या जावेला सकाळी सहाला सासूबाईंनी मायेनं अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं दिली, 'एवढ्याने काय होतंय', आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारल्यावर तिने खरं सांगितलं, झालं, नऊचं सिझर दुपारवर गेलं. सासऱ्यांनी काढलेला मुहूर्त हुकला तो वेगळाच, घरात आठवडाभर त्यावरून धुसफूस.

भूलभुलैय्या
मी भूल द्यायचंच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. सांगलीकरीण, तुमच्या जावेने खरं सांगितलं ते फार बरं केलं, लपवणाऱ्या पेशंटचीच आम्हाला जास्त धास्ती.
गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि पोटही वर ढकललं जातं, त्यामुळे भुलेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती जास्त. 1946 साली मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी बाळंतिणींमधल्या अशा केसेस मांडल्या आणि तेव्हापासून 'रात्री बारानंतर काही नाही' हे घट्ट बसलं. आता बहुतेक सिझर पाठीत इंजेक्शन देऊन होतात, पण ते पुरलं नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून पोट रिकामं हवंच. पण कळा सुरू नसतील तर साधं पाणी गरोदर बाईच्याही पोटातून नेहमीच्याच वेळात पुढे सरकतं. म्हणून आता हिशेब असा की हलकं खाणं 6 तास आधी बंद, तळलेलं तुपकट 8 तास आणि पाण्यासारखं पातळ 2 तास. पातळ म्हणजे ग्लासाच्या पलीकडचं पेपरातलं अक्षर दिसलं पाहिजे. पाणी, कोरा चहा, गाळलेला सफरचंदाचा रस चालतो. दूध, ताक, पेज, गर असलेला रस नाही. दूध पोटात जाऊन नासतं, ते आमच्या लेखी खाणंच.
नणंदेचं ते पाणी म्हणजे बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, पाण्यात विरघळणारी पावडर), साधारण 400 मिलीत 50 ग्रॅम. इरास सोसायटी (ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था) हिच्या 2018 च्या सिझरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डायबेटिस नसलेल्या बायकांना 2 तास आधी असं पेय देता येईल असं आहे. भूक-तहान कमी होते, जिवाला बरं वाटतं, एवढं खरं. पण टाके लवकर भरतात, घरी लवकर सोडतात वगैरे मी छातीठोकपणे सांगणार नाही. नुसतं पाणी मिळालं तरी तुमचा अर्धा त्रास जाईल. ग्लुकोजचं घट्ट पाणी म्हणजे तेच नव्हे, ते पोटातून सावकाश उतरतं, त्यामुळे तो प्रयोग नको.

ठाण्याची_आई
डायबेटिसवरून एक सांगते, मला गरोदरपणातली शुगर होती, गोड पाण्याला सरळ नाही म्हणाले. आईची शुगर वाढली तर जन्मल्यावर बाळाची एकदम खाली येऊ शकते असं समजावलं. साधं पाणी मात्र दिलं आणि मला पहिला नंबर दिला. तूही आधीच विचार गं पहिला नंबर मिळेल का.

भूलभुलैय्या
बरोबर. शुगर असेल, कळा सुरू झाल्या असतील, सतत आंबट ढेकर येत असतील किंवा वजन खूप असेल तर आम्ही वेगळा विचार करतो. आणि ते 2 तास ऑपरेशनच्या खऱ्या वेळेपासून मोजायचे, केस पुढे गेली की सिस्टरना 'आता घोटभर पाणी देता का' असं आपणच विचारायचं. लाजू नका, गडबडीत राहून जातं त्यांचं.

कांदेपोहे_प्रेमी
काल तपासणीला गेले तेव्हा भूलवाल्या डॉक्टरांनाच गाठलं. शुगर नॉर्मल आहे माझी. गुरुवारी अकराची वेळ आहे, त्या म्हणाल्या साडेचारपर्यंत उठून थोडा उपमा खाल्ला तरी चालेल, तुपाची धार न सोडता, आणि पाणी किंवा कोरा चहा पावणेनऊपर्यंत. ते खास पेय त्यांच्याकडे ठेवत नाहीत. चहात साखर घालू का विचारलं तर हसून म्हणाल्या एक चमचा घाला. पहाटे चारला उपमा कोण करणार यावर नवरा आणि आई यांच्यात सध्या वाटाघाटी चालू आहेत.

सांगलीकरीण
उपमा रात्रीच करून ठेव म्हणावं, आणि सासूबाईंना चहाच्या भांड्यापासून लांब ठेव 😄