मदत हवी आहे: मूत्राशयाचा कॅन्सर, पिशवी काढायची की ठेवायची?

बाबा ६८ वर्षांचे, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत काहीच नव्हतं. घरोघरचा सल्ला एकच, उष्णता आहे, सब्जा घ्या! शेवटी दुर्बिणीतून गाठ खरवडली. बायोप्सीत हाय ग्रेड (झपाट्याने वाढणारी), पिशवीच्या स्नायूत शिरलेली. सीटीत बाहेर पसरलेलं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आधी सिस्प्लॅटिन या औषधाची केमो, मग पिशवी काढून पोटावर लघवीची थैली. पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६ आहे, म्हणजे जास्त, सिस्प्लॅटिन किडनीला झेपेल का? पिशवी ठेवून केमो-रेडिएशन कुणी घेतलंय का? जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दुसरं मत घ्यायचंय. बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (गाठीचे जपून ठेवलेले नमुने) सोबत न्यायचे ना? थैली लावलेल्या कुणाशी बाबांचं फोनवर बोलणं झालं तर फार बरं होईल. "थैली घेऊन बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कसा फिरू?" यातच ते अडकलेत.