मदत हवी आहे: फुर्का रेल्वेचा घडीचा पूल

स्वित्झर्लंडमधल्या फुर्का या डोंगरी रेल्वेमार्गावरच्या (मीटरगेज, आब्ट पद्धतीचा दातेरी रूळ, म्हणजे चढावर इंजिनाचं दातेरी चाक ज्यात अडकतं ते दात्यांचे पट्टे) स्टेफेनबाख पुलाचं मॉडेल करतोय. आधीचा दगडी पूल हिमलोटाने नेला, म्हणून १९२५ पासून तिथे तीन भागांचा लोखंडी पूल आहे. हिवाळ्याआधी तो दुमडून विंचने काठाकडे ओढून घेतात. इथवर ठीक.

अडचण १९४२ नंतरची आहे. विद्युतीकरण झाल्यावर दर शरदात ओव्हरहेड तारही उतरवावी लागे. आधी तार की आधी पूल? सांध्यांवरचे दातेरी पट्टे बोल्ट काढून वेगळे करत की कसे? दातांचं अंतर जरा चुकलं तरी इंजिनाचं दातेरी चाक चढून बसेल, म्हणून हे नेमकं हवंय.

१९८२ मध्ये १५.४ किमीचा पायथ्याचा बोगदा सुरू होण्याआधीचे फोटो, नकाशे कुणाकडे आहेत का? या जुन्या मार्गावर आता धावणाऱ्या वाफेच्या गाड्यांचे नकोत, त्यांत तार नसते.