साधं एफटीपी आता बंदच करायला हवं. तुमचं मत?

निशाचर_सोलापूर
सोलापुरात आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. दिवाळी अंकांचा हंगाम सुरू आहे. अंकाची पीडीएफ दीड-दोन जीबीची, ईमेलवर जात नाही, म्हणून प्रकाशक आमच्या एफटीपी सर्व्हरवर टाकतात (एफटीपी म्हणजे जाळ्यावरून फाइल पाठवण्याची जुनी पद्धत). गेल्या आठवड्यात राउटर जळाला. नवा बसवला आणि त्या रात्रीपासून कुणालाच फाइल टाकता येईना. लॉगिन व्हायचं, पासवर्ड मान्य व्हायचा, आणि फोल्डरची यादी यायच्या वेळी वीस सेकंद थांबून सगळं तुटायचं.

दोन रात्री जागून कारण सापडलं. एफटीपीत जोडण्या दोन असतात. २१ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दारावर, नुसतं बोलणं चालतं. यादी आणि फाइल दुसऱ्या जोडणीवरून येते. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे ही दुसरी जोडणीही ग्राहकच सुरू करतो तेव्हा, ती कुठे जोडायची ते सर्व्हर २२७ या आकड्याने सुरू होणाऱ्या ओळीत कळवतो. आमचा सर्व्हर कळवत होता १९२,१६८,१,१०,१९५,८०. पहिले चार आकडे म्हणजे पत्ता, पुढचे दोन म्हणजे पोर्ट: १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५००००. पण १९२.१६८ हा आमच्या घरातला पत्ता, पुण्यातल्या प्रकाशकाला त्याचा काय उपयोग? जुना राउटर ही ओळ वाचून पत्ता गुपचूप दुरुस्त करायचा आणि पोर्टही उघडायचा. नवा तसं करत नाही. फाइलझिला हा फाइल पाठवण्याचा प्रोग्रॅम पत्ता स्वतःच दुरुस्त करून घेतो, पण पोर्ट बंद असल्यावर तोही हतबल. शेवटी व्हीएसएफटीपीडी या आमच्या सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरचा पत्ता लिहिला, पॅसिव्ह पोर्ट ५०००० ते ५००५० एवढेच ठेवले, राउटरवर तेवढेच उघडले. चालू झालं.

पण त्या दोन रात्री वाहतूक तपासताना प्रत्येक प्रकाशकाचा पासवर्ड मला पडद्यावर उघडा दिसत होता. ते पाहून मला झोप लागली नाही. अभय भूषण यांनी १९७१ च्या एप्रिलमध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी तेव्हा एमआयटीत होता, आणि जाळ्यावर मोजकी विद्यापीठं नि संशोधनसंस्था होत्या. त्या काळाला ते शोभलं. आज एसएफटीपी आहे: एकच पोर्ट, २२, आणि सगळं कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाही. माझं म्हणणं, साधं एफटीपी सगळीकडे बंद करा.

वाईकर
निशाचर, तुमचा त्रास खरा, पण निष्कर्ष घाईचा. बिघाड प्रोटोकॉलचा नव्हता, मांडणीचा होता. पॅसिव्ह पोर्ट पहिल्या दिवशीच ठरवून दिले असते तर राउटर बदलला तरी कुठे पाहायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. मी बावीस वर्षं लहान कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो. एफटीपी बंद केलं की पहिला फोन येतो झेरॉक्स मशीनवाल्याचा. दहा वर्षांपूर्वीची मशीन स्कॅन करून फाइल पाठवते ती एफटीपीने नाहीतर विंडोजच्या शेअरवर. एसएफटीपी तिला ठाऊकच नाही. ती मशीन फेकून द्यायची का?

अनघा_प्रणाली
वाईकर काका, मशीनपुरतं पटलं. पण छापखान्याचा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर आहे, त्याला ही सबब कशी लागू होते? १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच ही कुलूपबंद जोडणी लिहिली; एसएफटीपी तिच्यावरच चालतं. तीस वर्षं झाली. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. लिनक्स पुरवणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गनं आणि डेबियननं सार्वजनिक एफटीपी २०१७ मध्येच थांबवलं.

वाईकर
अनघाताई, त्यांच्याकडे माणसं आहेत. निशाचरांकडे ते एकटे आहेत, आणि समोर डीटीपी करणारे पन्नास जण. मधला रस्ता एफटीपीएस आहे. तोच सर्व्हर, तेच पासवर्ड, वर फक्त टीएलएसचं कुलूप.

केबलजोडारी
हा मधला रस्ता मी चाललोय, म्हणून सांगतो. टीएलएस चढलं की २२७ ची ओळही कुलूपबंद होते, मग कुठलाच राउटर ती वाचून मदत करू शकत नाही. पोर्टांची ती यादी तुमच्या गळ्यात कायमची. शिवाय व्हीएसएफटीपीडी मुळातच असा हट्ट धरतो की दुसऱ्या जोडणीनं पहिलीचंच टीएलएस सत्र वापरावं. ज्या क्लायंटला, म्हणजे ग्राहकाच्या प्रोग्रॅमला, ते जमत नाही त्याला ५२२ ची चूक मिळते. पासवर्ड बरोबर, यादी गायब. निशाचर, पुन्हा तीच रात्र.

पण एसएफटीपीही सरळ नाही. ग्राहकाला त्याच्याच फोल्डरात कोंडायचं तर त्या फोल्डराची, आणि वरच्या प्रत्येक फोल्डराची, मालकी रूटकडे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याकडे, हवी. दुसऱ्या कुणालाही तिथे लिहिण्याची परवानगी नको. एवढं चुकलं की पासवर्ड स्वीकारून लगेच जोडणी तुटते, आणि ग्राहकाच्या पडद्यावर कारण येत नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्येच दिसतं. आत ग्राहकाच्या मालकीचं वेगळं फोल्डर करून द्यायचं, फाइली तिथे.

डीटीपी_सांगली
मी त्या पन्नासांतली एक. मला प्रोटोकॉल कळत नाही, पण फाइलझिलात एफटीपीच्या जागी एसएफटीपी निवडायचं आणि पोर्ट २२ लिहायचं, एवढंच बदललं. पासवर्ड तोच, खिडकी तीच. आम्हाला जमणार नाही असं गृहीत धरू नका. उलट पूर्वी एकदा आमच्याकडे ट्रान्स्फर अ‍ॅस्की मोडवर (तो फक्त मजकुरासाठी असतो) राहिला होता आणि अंकाची सगळी चित्रं बिघडून गेली होती. एसएफटीपीत आमच्याकडे तसं कधी झालेलं नाही.

निशाचर_सोलापूर
सांगलीकर ताई, तुमच्या प्रतिसादाने धीर आला. वाईकर काका, ‘सगळीकडे बंद’ हे मी मागे घेतो. झेरॉक्स मशीनसाठी एफटीपी राहील, पण आतल्या जाळ्यात. राउटरवर २१ बंद. बाहेरच्यांसाठी एसएफटीपी, उद्यापासून.

वाईकर
उद्यापासून नको! दिवाळी तोंडावर आहे. एखादा प्रकाशक रात्री अकराला शेवटच्या पानांचा फॉर्म टाकायला बसेल आणि त्याला दार बंद दिसेल. अंक यंत्रावर चढेपर्यंत दोन्ही चालू ठेवा. हंगामात चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

अनघा_प्रणाली
म्हणजे ऐन गर्दीत, सगळ्यांत जास्त लोक लॉगिन करतात तेव्हाच पासवर्ड उघडे? मला हे मान्य नाही.

निशाचर_सोलापूर
दोन्ही चालू ठेवतो, पण रोज सकाळी एफटीपीची लॉग पाहून, रात्री जुन्या दाराने कोण आलं त्याला फोन करतो. आजच्या लॉगमध्ये नऊ नावं आहेत. जो नव्या दाराने आला त्याचं जुनं खातं त्याच दिवशी बंद, आणि पासवर्डही नवा, कारण जुना मी स्वतः वाचला आहे.

केबलजोडारी
एक राहिलं. पहिल्यांदा जोडताना फाइलझिला अनोळखी सर्व्हर म्हणून विचारेल आणि सर्व्हरच्या ओळखीचा एक लांबलचक ठसा दाखवेल. सगळे न वाचता ‘ओके’ दाबतात. तो ठसा तुमच्या कोटेशनच्या कागदावर छापा. छापखाना तुमचाच आहे.